१६२ मतांचा धडा

मैत्रिणींनो, “माझ्या एका मतानं काय होणार?” असं आपण सहज म्हणतो. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मालेगाव मध्यचा निकाल अवघ्या १६२ मतांनी लागला. २००८ साली राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी तर एकाच मतानं हरले.

आता हिशोब करा. बारा जणींचा एक गट, असे चौदा गट म्हणजे १६८ मतं!

पण यादीत नाव असेल तरच. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव बऱ्याचदा माहेरच्याच यादीत राहतं. पत्ता बदलायला ८ नंबरचा, १८ वर्षं पूर्ण झालेल्या मुलीसाठी ६ नंबरचा फॉर्म बीएलओकडे द्या.

पुढच्या बैठकीत बचत गोळा करताना प्रत्येकीला विचारा : ताई, यादीत नाव बघितलंस का?