लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर

राळेगावच्या कापूसपट्ट्यात बाईला थकवा आला की घरोघरी एकच निदान होतं: रक्त कमी आहे. लोहाची गोळी सुरू होते, महिने जातात, हिमोग्लोबिन मात्र जिथल्या तिथे. गोळ्या नीट घेऊनही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर थायरॉइड तपासायलाच हवं. त्यातही थंडी सोसत नसेल, शौचाला कडक होत असेल, चेहरा सुजत असेल, पाळीत अंगावरून जास्त जात असेल, तर तेवढीही वाट पाहू नका. बाई गरोदर असेल तर लगेच दाखवा.

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना सांगून सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एकाच वेळी करून घ्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. त्या गोळ्यांमुळे थायरॉइडचा आकडा चुकतो. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, म्हणून ती तपासणी झालेली नसेल तर तीही उरकून घ्या.

रिपोर्ट हातात आला की आधी हिमोग्लोबिन बघा. बाईला 12, गरोदर बाईला 11, पुरुषाला 13 यापेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. मग एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा आकार. तो साधारण 80 ते 100 असतो. कमी असेल तर बहुतेक वेळा लोह कमी पडलेलं असतं, आणि थायरॉइड मंदावल्याने पाळी जास्त जाणं हे त्यामागचं एक कारण असू शकतं. 100 च्या वर असेल तर बी-12 तपासा, पण नुसतं थायरॉइड मंदावल्यानेही पेशी मोठ्या होतात. आकार बरोबर आणि तरी रक्त कमी, असंही पुष्कळदा दिसतं: थायरॉइडचं संप्रेरक घटलं की शरीराला ऑक्सिजन कमी लागतो, मूत्रपिंडाकडून अस्थिमज्जेला जाणारा एरिथ्रोपोएटिनचा निरोप कमी होतो आणि लाल पेशी कमी तयार होतात. अशा रक्तक्षयाला नुसतं लोह पुरत नाही.

टीएसएचवरून थायरॉइड मंदावलेलं निघालं आणि डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी दिली की खरी काळजी वेळेची. वेचणीला जाणाऱ्या बाईने उठल्याबरोबर, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर ती घ्यावी. मग झाडलोट, पाणी भरणं उरकावं. चहा-न्याहारी अर्ध्या ते एक तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून किमान चार तास लांब ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. मला विचाराल तर लोहाची गोळी रात्रीच बरी. तिच्या आगेमागे चहा मात्र नको. सोयाबीनची वडी सकाळच्या न्याहारीत टाळा. उन्हाळ्यात डबी टिनाखालच्या तापलेल्या फळीवर ठेवू नका, उष्णतेने औषधाचा गुण जातो.

रक्त फारच कमी असेल, वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. डोस हळूहळू वाढवावा लागतो. गोळी सुरू झाल्यावर छातीत धडधडलं किंवा दुखलं तर थेट दवाखाना गाठा.

सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, म्हणून हिमोग्लोबिन चढायला काही महिने लागतात; मधेच गोळी सोडू नका. टीएसएच जागेवर येऊनही रक्त वाढलं नाही, तर फेरिटिन, बी-12 आणि रक्तस्रावाचं कारण शोधायला सगळे जुने रिपोर्ट घेऊन यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गाठा.