हात आवरायची तालीम

पालकहो, मुलाला कराटेच्या क्लासला घालताना तुमच्या मनात काय असतं ते तुम्ही पालकसभेला येऊन सांगता, म्हणून मला ठाऊक आहे. मुलगा अंगानं बारीक, मोठी मुलं त्याला ढकलतात. मुलगी कल्याण नाक्यावरून एकटी ट्यूशनला जाते. बाबा लूमवर रात्रपाळीला, म्हणजे दिवसा झोपलेले. घरात आवाज करायचा नाही, म्हणून मूल मोबाइल घेऊन कोपऱ्यात. कुणीतरी म्हणतं, कराटे लावा, शिस्त येईल. मग पांढरा ड्रेस घातलेलं आपलं लेकरू ओळीत उभं राहून ठोसे मारताना दिसलं की जीव सुखावतो. सुखावणारच. पण त्या तासाभरात त्याला नेमकं काय शिकवलं जातं, हे पाहण्याचं काम आपलं आहे.

एक लढत मुलांबरोबर बसून जरूर पाहा. ७ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिंपिक, पुरुषांच्या कराटेत ७५ किलोवरील गटाची अंतिम फेरी. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ असा पुढे होता. त्याची उंच किक इराणच्या सज्जाद गंजजादेला बसली आणि तो मॅटवर बेशुद्ध पडला. स्ट्रेचर आणावं लागलं. पंचांनी आपसात चर्चा केली आणि बाद ठरवलं ते हमेदीला, कारण त्याच्या किकवर ताबा नव्हता. सुवर्णपदक बेशुद्ध पडलेल्या खेळाडूला मिळालं. मुलं हे पाहून चिडतात. जिंकत होता तोच हरला, हा कुठला न्याय, म्हणतात. चिडू द्या, वाद घालू द्या. या खेळात ताकदीइतकाच ताबा मोजला जातो, हे त्या वादातून त्यांना जेवढं कळेल तेवढं माझ्या-तुमच्या उपदेशातून कळणार नाही.

‘कराटेनं मूल सुधारतं’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. ते अर्धंच खरं आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये मायकेल ट्रलसन यांनी गुन्हेगारी वळणावर गेलेल्या किशोरवयीन मुलांचे तीन गट केले. एका गटाला तायक्वांदो पारंपरिक पद्धतीनं शिकवलं : आधी वंदन, मग ध्यान, समोरच्याचा आदर, मग हालचाली. दुसऱ्याला फक्त लढाई शिकवली. तिसरा गट नुसते खेळ खेळला. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या मुलांचा आक्रमकपणा कमी झाला होता आणि दुसऱ्या गटातल्यांचा वाढला होता. हे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. गट लहान होते, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण २००५ मध्ये नॉर्वेतल्या एंड्रेसन आणि ओल्वेयस यांनीही बॉक्सिंग, कुस्ती, वेटलिफ्टिंग आणि पूर्वेकडच्या युद्धकला शिकणाऱ्या मुलग्यांमध्ये खेळाबाहेरचं दांडगट वागणं वाढलेलं नोंदवलं. म्हणजे त्याच लाथा, तेच ठोसे. मूल कुठे वळेल ते शिकवणाऱ्यावर आणि क्लासच्या वातावरणावर फार अवलंबून आहे.

वातावरणावर किती अवलंबून असतं, हे आपल्या भिवंडीला वेगळं समजावून सांगायला नको. १९७० आणि १९८४ च्या मे महिन्यांतल्या दंगलींनी या गावाचं काय केलं ते तुमच्यापैकी कित्येकांनी आईवडिलांच्या तोंडून ऐकलं आहे. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतली माणसं काहीही घडलेलं नसताना एकत्र बसू लागली. गटार, नळ, पोरांची भांडणं असल्या साध्या गोष्टींवर बोलू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या दिवसांत ज्यांनी हात आवरले, त्यांना त्याची सवय आधीच्या कंटाळवाण्या बैठकांनी लावली होती. मला वाटतं, मुलाच्या अंगातला संयमही असाच येतो. राग आल्यावर तो शिकवता येत नाही. राग नसताना, रोज संध्याकाळी, घाम गाळून त्याची तालीम करावी लागते. आणि पद्मानगरची, निजामपुऱ्याची, आजूबाजूच्या आगरी गावांतली मुलं एकाच ओळीत उभी राहून एकमेकांना वाकून नमस्कार करत असतील, तर आपल्या गावात ती काही लहान गोष्ट नाही.

म्हणून क्लास निवडताना मेडलं मोजू नका. अर्धा तास मागे बसा. लूमवर तार तुटली की कारागीर मशीन थांबवून आधी ती जोडतो. चांगले सर तसे चुकलेल्या चालीवर तिथेच थांबतात आणि पुन्हा पहिल्यापासून काता, म्हणजे ठरलेल्या चालींची मालिका, करायला लावतात. जोडीदाराला लागलं तर मारणाऱ्याला काय सांगितलं जातं ते ऐका. हरलेल्या मुलाशी सर कसं बोलतात ते पाहा. ‘एका वर्षात ब्लॅक बेल्ट’ असं कुणी सांगत असेल तर हात जोडून बाहेर पडा. त्याला चार-पाच वर्षं तरी लागावीत. ज्युडोचे संस्थापक जिगोरो कानो पेशानं शिक्षक होते. कराटे ओकिनावाहून टोकियोला नेणारे गिचिन फुनाकोशी प्राथमिक शाळेत शिकवायचे. त्यांच्यासाठी हे सगळं शिक्षणच होतं. आज मात्र दर तीन महिन्यांनी टेस्ट, फी, नवा रंग आणि स्टेटसवर फोटो असं चक्र काही ठिकाणी चालतं, आणि आपणच त्याला पैसे पुरवतो.

आता एक नाजूक गोष्ट. या खेळात अंगाला हात लागतो आणि सरांचा शब्द शेवटचा असतो. दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत, पण दोन्हींचा गैरफायदा घेता येतो. सरांचा मान राखणं म्हणजे सर म्हणतील ते सगळं सोसणं, असं मुलाला कधीही वाटू देऊ नका. मुलींच्या बॅचला बाई शिक्षिका आहेत का, सर मुलांना एकटं बोलावतात का, शिक्षा म्हणून पट्ट्यानं मारतात का, हे विचारताना संकोच नको. मुलानं काही सांगितलं तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. मदतीसाठी १०९८ हा मुलांचा हेल्पलाइन क्रमांक आहे, आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ पासून लागू आहे.

मुलींबद्दल थोडं जास्त बोलायचं आहे. घरात ‘हळू बोल’ ऐकत वाढलेली मुलगी पहिल्या दिवशी ठोसा मारते, पण तोंडातून आवाज निघत नाही. सगळे ओरडतात, ही ओठ मिटून. काही महिन्यांनी बेंबीच्या देठापासून आवाज निघतो आणि मग वर्गातही ती हात वर करून शंका विचारू लागते, हे मी पाहिलं आहे. रस्त्यावर कुणी छेड काढली तर एका किकनं ती त्याला लोळवेल, या भ्रमात राहू नका, तिलाही ठेवू नका. चांगले सर आधी हेच शिकवतात की ओरडायचं, माणसं असतील तिकडे पळायचं आणि घरी येऊन सांगायचं. ती सांगेल तेव्हा ‘तू तिथे गेलीसच कशाला’ असं आपल्या तोंडून निघालं, तर क्लासनं कमावलेलं आपण एका वाक्यात घालवू.

आणि नेमकं आठवी-नववीत आपण तिचा क्लास बंद करतो. पाळी सुरू झाली, अंग भरलं, मुलं असतात तिथे, दहावी जवळ आली. मुलगा मात्र जात राहतो. पाळीच्या दिवसांत त्रास होत असेल तर तिनं विश्रांती घ्यावी, होत नसेल तर सराव करायला काही हरकत नाही. दहावीच्या वर्षी रोज जमत नसेल तर सरांशी बोला, आठवड्याचे दोन दिवस ठेवा, फी कमी होते का तेही विचारा. रात्री उशिराची बॅच असेल तर शेजारच्या दोन-तीन मुलींच्या घरी जाऊन बोला आणि आळीपाळीनं आणायला जा.