ड्राइव्ह बंद, तरी धोका चालू

४१५ व्होल्टच्या थ्री-फेज ड्राइव्हमध्ये रेक्टिफायरनंतर सुमारे ५८७ व्होल्ट डीसी तयार होतो. वीज बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकतो. म्हणून आम्ही आधी पुरवठा तोडतो, माहितीपुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबतो आणि डीसी व्होल्टेज उतरल्याचे मीटरने पाहतो. मगच पुरवठ्याच्या व मोटरच्या वायरी सोडवतो.

आता मीटर डायोडवर ठेवून लाल टोक डीसी ऋणावर व काळे टोक यू, व्ही, डब्ल्यूवर क्रमाने लावतो. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एखाद्यावर दोन्ही दिशांनी शून्य आले, तर तिथला आयजीबीटी शॉर्ट समजावा. आर, एस, टीवर तसे आले, तर दोष रेक्टिफायरचा. अशा वेळी नुसता फ्यूज बदलून ड्राइव्ह चालू करू नये.

दिवा विझला म्हणजे वीज गेली असे नव्हे. शिक्षकांशिवाय झाकण उघडू नका.