राजनैतिक संरक्षण, जनक्षोभ आणि घरकामगाराचे वेतन

न्यूयॉर्क येथील भारताच्या तत्कालीन उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना १२ डिसेंबर २०१३ रोजी अमेरिकी अधिकाऱ्यांनी अटक केली. भारतातून नेलेल्या घरकामगार महिलेच्या व्हिसासाठी वेतनाबाबत खोटी माहिती दिली व प्रत्यक्षात कायद्याने ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी पगार दिला, असा त्यांच्यावर आरोप होता. अटकेनंतर त्यांची विवस्त्र झडती घेण्यात आली व अडीच लाख डॉलरच्या हमीवर त्यांची सुटका झाली. हे वृत्त येताच भारतभर संतापाची लाट उसळली. खोब्रागडे मूळच्या महाराष्ट्रातील असल्याने मराठी वृत्तपत्रांतही या प्रकरणाला मोठी जागा मिळाली.

या संतापाचे स्वरूप तपासून पाहण्यासारखे आहे. एका अधिकाऱ्याला मिळालेल्या वागणुकीने देशाचा अपमान झाला, ही भावना प्रबळ होती आणि ती अनाठायी नव्हती. मात्र जिच्या वेतनावरून हे सर्व घडले, ती स्त्रीही भारतीयच होती, याचा उल्लेख त्या गदारोळात फारसा झाला नाही. राजनैतिक संरक्षण नेमके कशासाठी असते, जनक्षोभातून काय साधते आणि काय निसटते, तसेच वेतनाच्या प्रश्नाकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने कसे पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संरक्षणाची चौकट

परदेशातील प्रतिनिधींचे हक्क व कर्तव्ये मुख्यतः दोन आंतरराष्ट्रीय करारांनी निश्चित केली आहेत. पहिला १९६१ चा राजनैतिक संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार आणि दुसरा १९६३ चा वाणिज्यदूत संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार. पहिल्या करारास भारतात १९७२ च्या अधिनियमाने कायद्याचे बळ देण्यात आले.

सर्वसामान्य वाचकास हे दोन्ही प्रतिनिधी सारखेच वाटतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे. १९६१ च्या करारानुसार राजदूतावासातील राजनैतिक अधिकाऱ्यास अटक करता येत नाही आणि यजमान देशाच्या फौजदारी न्यायालयांचा अधिकार त्याच्यावर चालत नाही. वाणिज्यदूतास मिळणारे संरक्षण याहून मर्यादित असते. ते केवळ पदाच्या कर्तव्यांपुरते असते आणि गंभीर गुन्ह्याच्या बाबतीत, सक्षम न्यायिक अधिकाऱ्याच्या आदेशाने, त्याला अटक होऊ शकते. घरकामगाराचे वेतन हा पदाच्या कर्तव्याचा भाग नाही, अशी अमेरिकेची भूमिका होती. अशी अटक व झडती वाणिज्यदूताच्या प्रतिष्ठेशी विसंगत आहे आणि मालक व कामगार दोघेही भारतीय असल्याने हा वाद भारतीय न्यायालयात सोडवावयास हवा, असे भारताचे म्हणणे होते. या वादासंबंधी दिल्ली उच्च न्यायालयाने अटकेपूर्वीच, सप्टेंबर २०१३ मध्ये, अंतरिम आदेश दिलेला होता.

या चौकटीतील तीन गोष्टी विशेष लक्षात घ्यावयास हव्यात. पहिली म्हणजे, हे विशेषाधिकार व्यक्तीच्या लाभासाठी नसून प्रतिनिधित्वाचे काम निर्वेधपणे पार पडावे यासाठी आहेत, असे कराराच्या प्रस्तावनेतच नमूद आहे. दुसरी, यजमान देशाच्या कायद्यांचा आदर राखणे हे संरक्षण असलेल्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे. तिसरी, हे संरक्षण अधिकाऱ्याच्या मालकीचे नसते. ते त्याला पाठविणाऱ्या देशाचे असते आणि तो देश ते काढूनही घेऊ शकतो. दुसऱ्या बाजूने, यजमान देश कोणतेही कारण न देता एखाद्या अधिकाऱ्यास अवांछित ठरवून परत पाठवू शकतो.

क्षोभाचे परिणाम

१७ डिसेंबर २०१३ रोजी नवी दिल्लीतील अमेरिकी राजदूतावासाबाहेरचे सुरक्षा अडथळे हटविण्यात आले. अमेरिकी वाणिज्यदूतांची ओळखपत्रे परत मागविण्यात आली आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या भारतीय नोकरांच्या पगाराचा तपशील मागण्यात आला. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी खेद व्यक्त केला. पुढे खोब्रागडे यांची नेमणूक संयुक्त राष्ट्रांतील भारताच्या कायमस्वरूपी प्रतिनिधी मंडळात झाली व त्यांना पूर्ण राजनैतिक संरक्षण मिळाले. जानेवारी २०१४ मध्ये त्यांच्यावर औपचारिक आरोप ठेवले जात असतानाच त्या भारतात परतल्या. भारतानेही त्याच दर्जाच्या एका अमेरिकी अधिकाऱ्यास परत पाठविले. मार्च २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने, आरोप ठेवले त्या दिवशी त्यांना पूर्ण संरक्षण होते या कारणास्तव ते आरोप रद्द केले. दोनच दिवसांनी ते नव्याने ठेवण्यात आले. आरोप खरे की खोटे, याचा निवाडा या आदेशाने झाला नाही.

परस्परता हा आंतरराष्ट्रीय व्यवहाराचा पाया आहे. दोन देशांचे संबंध म्हणजे पुन्हा पुन्हा खेळला जाणारा डाव असतो. आज आपण दुसऱ्याच्या प्रतिनिधीस जी वागणूक देतो, तीच उद्या आपल्या प्रतिनिधीच्या वाट्यास येते. या अर्थाने भारताच्या प्रत्युत्तरास तर्क होता. त्यातही नोकरांच्या पगाराचा तपशील मागण्याची कृती सर्वांत अर्थपूर्ण होती, कारण मूळ प्रश्न तोच होता.

वेतनाचे गणित

व्हिसासाठी सादर केलेल्या करारात तासाला ९.७५ डॉलर वेतन दाखविले होते, असे अमेरिकी तपास यंत्रणेचे म्हणणे होते. दुसऱ्या करारात मात्र जादा कामासह महिना ३० हजार रुपये ठरले होते. तपास यंत्रणेच्या हिशेबाने ही रक्कम सुमारे ५७३ डॉलर, म्हणजे आठवड्याला ४० तास काम धरल्यास तासाला ३.३१ डॉलर होत होती. अमेरिकेचे संघीय किमान वेतन तेव्हा ७.२५ डॉलर होते. त्याच विनिमय दराने पाहिल्यास, कागदावरच्या दराने महिन्याचे वेतन सुमारे ८८ हजार रुपये झाले असते. म्हणजे वादाचा मुद्दा ३० हजार आणि ८८ हजार यांमधील तफावत हा होता.

भारतात घरकामासाठी ३० हजार रुपये ही मोठी रक्कम आहे, शिवाय राहणे व जेवण मालकाकडेच असते, असा युक्तिवाद तेव्हा अनेकांनी केला. तो सहजी झटकून टाकण्यासारखा नाही. वेतनाचे मोल त्यातून काय विकत घेता येते यावर ठरते आणि मायदेशी पाठविलेल्या डॉलरची क्रयशक्ती अधिक असते. तथापि, या युक्तिवादाच्या दोन मर्यादा आहेत. श्रमाचा बाजार जेथे काम घडते तेथे असतो; तेथील किमान वेतन हे कामगार कोठून आला यावर अवलंबून नसते. दुसरे असे की, बाजारभावाचा दाखला देण्यासाठी बाजार खुला असावा लागतो. राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरी काम करणाऱ्या व्यक्तीचा व्हिसा त्या एकाच नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी सोडली की देशात राहण्याचा आधारही जातो. पर्याय नसलेल्या माणसाने मान्य केलेला दर हा मुक्त सौद्यातून ठरलेला दर म्हणता येत नाही.

भारत यजमान असताना

हाच प्रश्न दोन वर्षांच्या आत उलट बाजूने आपल्यासमोर आला. सप्टेंबर २०१५ मध्ये दिल्लीलगतच्या गुडगाव येथे सौदी अरेबियाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याच्या निवासस्थानातून दोन नेपाळी महिलांची सुटका करण्यात आली. त्यांना डांबून ठेवून त्यांच्यावर अत्याचार केल्याचे गंभीर आरोप झाले. सौदी राजदूतावासाने ते फेटाळले आणि संबंधित अधिकारी राजनैतिक संरक्षणाच्या आधारे देश सोडून गेला. तेव्हाही जनक्षोभ झाला, पण या वेळी संरक्षण हीच आपल्याला अन्यायाची ढाल वाटली. नियम तोच होता. बदलली होती ती आपली बाजू.

यावर मार्ग अजिबात नाही असे नाही. जानेवारी १९९७ मध्ये वॉशिंग्टन येथे जॉर्जियाच्या एका वरिष्ठ राजनैतिक अधिकाऱ्याने मद्यप्राशन करून केलेल्या मोटार अपघातात एका सोळा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. लोकांचा संताप लक्षात घेऊन जॉर्जियाने त्याचे संरक्षण काढून घेतले व अमेरिकी न्यायालयात त्याला शिक्षा झाली. जुलै २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला की, घरकामगारास आधुनिक गुलामगिरीच्या स्थितीत राबविणे ही वैयक्तिक लाभासाठी केलेली व्यापारी कृती ठरते व अशा दिवाणी दाव्यात राजनैतिक संरक्षण मिळत नाही.

प्रलोभन आणि अंमलबजावणी

संरक्षण असले की माणूस कायदा मोडतोच काय? रेमंड फिसमन व एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमधील संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधींच्या वाहनांचा अभ्यास केला. १९९७ ते २००२ या पाच वर्षांत या वाहनांवर दीड लाखाहून अधिक पार्किंग दंडपावत्या थकल्या आणि थकबाकी १ कोटी ८० लाख डॉलरच्या पुढे गेली. काही देशांच्या प्रतिनिधींकडे प्रत्येकी शेकडो पावत्या होत्या. नॉर्वे, स्वीडन, जपान यांच्याकडे एकही नव्हती. ऑक्टोबर २००२ पासून दंड थकविणाऱ्या वाहनांच्या विशेष नंबरपाट्या काढून घेण्यास सुरुवात होताच नियमभंग जवळजवळ ९८ टक्क्यांनी घटले. संरक्षण कायम होते. केवळ नियमभंगाची किंमत वाढली होती.

हाच धडा घरकामगारांच्या बाबतीतही लागू पडतो. अमेरिकेच्या २००८ च्या मानवी तस्करीविरोधी कायद्याने अशा कामगारांसाठी लेखी करार आवश्यक केला आणि ज्या दूतावासात शोषण खपवून घेतले जाते त्याला घरकामगारांचे व्हिसा थांबविण्याची तरतूद केली. व्यक्तीस हात न लावता तिच्या संस्थेस जबाबदार धरण्याचा हा मार्ग परस्परतेच्या तत्त्वाशीही सुसंगत आहे.

पुढील दिशा

भारताच्या दृष्टीने दोन पातळ्यांवर काम आवश्यक आहे. परदेशातील प्रतिनिधीने घरकामगार नेताना यजमान देशाच्या वेतनदराचा एकच करार असावा, पगार बँकेतून दिला जावा आणि पारपत्र कामगाराच्याच हाती राहावे. तो वेतनदर अधिकाऱ्यास परवडणारा नसेल, तर त्याचा भार सरकारने उचलावा की ही प्रथाच मर्यादित करावी, याचा निर्णय उघडपणे घ्यावा. दोन करारांनी तो प्रश्न सुटत नाही. फक्त झाकला जातो.

दुसरी पातळी घरची आहे. घरकामगारांसाठी सन्मानजनक कामासंबंधीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ मध्ये संमत झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, परंतु अद्याप त्यास अनुसमर्थन दिलेले नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करण्याकरिता समिती नेमण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. परदेशात आपल्या घरकामगाराचे वेतन काय असावे, हे सांगण्याचा नैतिक अधिकार देशांतर्गत वेतनाच्या व्यवस्थेतूनच येतो.

देशाच्या प्रतिनिधीचा सन्मान राखला गेलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु पारपत्रावर ज्याचे राष्ट्रीयत्व भारतीय असे लिहिलेले आहे, तो प्रत्येक जण त्या सन्मानाचा वाटेकरी आहे. २०१३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये एका वादाच्या दोन्ही टोकांना दोन भारतीय स्त्रिया उभ्या होत्या. आपला संताप त्यांपैकी एकीपुरताच मर्यादित राहिला, हे मान्य करण्यापासून पुढच्या धोरणाची सुरुवात व्हावयास हवी.