सीट-पोस्टचे माप, फ्रेमचे माप

कापड बोटभर कमी पडले तर शिंपी सांभाळून घेतो. सायकलीत अर्धा मिलिमीटरही सांभाळला जात नाही. आमच्या मुलाच्या माउंटन बाइकला २७.२ मिलिमीटरऐवजी २६.८ ची सीट-पोस्ट बसवली गेली. सीट खाली सरके, आम्ही बोल्ट आवळत गेलो. अखेर फ्रेमच्या नळीलाच चीर गेली.

म्हणून कारागीर बंधूंनी जुनी पोस्ट काढून व्हर्नियरने मोजावी. बहुधा माप पोस्टच्या खालच्या भागावर कोरलेले असते. २७.२, ३०.९ आणि ३१.६ ही मापे जास्त चालतात. लोखंडी वा अॅल्युमिनियमच्या फ्रेमला ग्रीस लावावे. पोस्ट हाताने सरकली पाहिजे, ठोकू नये.

पोस्टवरील किमान खोलीची खूण बाहेर दिसता कामा नये. सीट योग्य उंचीवर नेताना ती दिसली, तर लांब पोस्ट घ्यावी किंवा फ्रेम लहान आहे असे समजावे. फ्रेम क्रँकच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत मोजतात. गिऱ्हाइकाला आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे करावे. वर किमान दोन इंच मोकळे हवेत.

व्हर्नियर फ्रेमपेक्षा फार स्वस्त पडतो.