पुढच्या मशीनमध्ये काय जाईल?

दाजींनी २०१४ साली घेतलेलं कॉम्प्युटर अजून चालतंय, त्यावर तुला थोडंफार गेमिंग करायचंय आणि हातात पैसे बेताचेच आहेत. होईल गं, जमेल. पण दुकानाची पायरी चढण्याआधी माझ्या उस्तादांचा एक प्रश्न लक्षात ठेव. गिऱ्हाईक पार्ट मागायला आलं की ते आधी विचारायचे, "हे मशीन बसलं, तर यातलं काय काढून घेणार?" लोकांना वाटायचं, म्हातारा अभद्र बोलतोय. पण सगळा हिशेब त्या प्रश्नातच आहे. जो पार्ट उद्याच्या मशीनमध्ये बसेल तो नवा घ्यायचा, बिलासकट. जो या मदरबोर्डाबरोबरच जाणार आहे तो जुन्या बाजारातून, स्वस्तात. दोन्हींत न बसणारा घ्यायचाच नाही.

आधी फुकटचं काम. प्लग काढ, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धर म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. झाकण काढल्यावर वरवर सगळं बरं दिसेल, त्याला भुलू नकोस. प्रोसेसरवरचा पंखा काढलास की खाली हीटसिंकच्या पात्यांमध्ये गोधडीसारखा धुळीचा थर बसलेला असतो. हवा जायला जागाच नसते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. गेम सुरुवातीला बरा चालतो आणि थोड्या वेळाने अडखळायला लागतो, तो बहुतेक वेळा यामुळेच. मऊ ब्रश आणि ब्लोअर वापर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, नाहीतर तो भलत्या वेगाने गरगरतो आणि बेअरिंग जातं. जुनी थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असेल. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढ आणि मधोमध वाटाण्याएवढी नवी लाव. जास्त लावून थंडावा वाढत नाही. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने घास, चुरा झटकून परत बसव. शिकलेले लोक या उपायाला हसतात आणि मग गुपचूप तोच करतात. घड्याळ रोज मागे जात असेल तर सीआर २०३२ चा सेल बदल. घड्याळवाल्याकडेही मिळतो.

उघडलंच आहेस तर मदरबोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे त्या उभ्या छोट्या डब्या, नीट बघ. त्यांची टोपणं फुगली असतील किंवा तपकिरी चिकट काही बाहेर आलं असेल, तर या मशीनवर एक रुपयाही घालू नकोस.

बोर्ड धड असेल तर पहिला खर्च एसएसडीचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघड. काही चालू नसताना डिस्क १०० टक्के दाखवत असेल तर दुखणं तिथेच आहे. फिरत्या हार्ड डिस्कवर मोठी फाइल सेकंदाला शंभर-दीडशे एमबीने वाचली जाते. साटा एसएसडी पाचशेच्या पुढे जाते, आणि बारीक बारीक फाइल शोधायच्या असल्या तर हा फरक कितीतरी वाढतो. मात्र गेममधले फ्रेम यामुळे वाढत नाहीत. मशीन लवकर सुरू होईल, गेम लवकर उघडेल, एवढंच. तरी घेच, कारण घरातल्या सगळ्यांना मशीन नवं झाल्यासारखं वाटेल आणि ताई तुझ्या बाकीच्या खर्चाकडे जरा काणाडोळा करेल. पाचशे जीबीची, नवी, वॉरंटीची. सेकंडहँड एसएसडी कोणी फुकट दिली तरी तिच्यावर महत्त्वाचं काही ठेवू नये. नवी घेतलेली पुढच्या मशीनमध्ये सरळ जाईल. तुमच्यासारख्या एच ८१ चिपसेटच्या बोर्डावर साटाचे चार पोर्ट असतात, त्यांतले दोनच वेगवान. बोर्डावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते वाचून केबल लाव. जुनी डिस्क फोटोंसाठी राहू दे, पण आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची तब्येत बघ आणि घरच्या फोटोंची एक प्रत बाहेर काढून ठेव. हे आधी, फॉरमॅट नंतर.

रॅमचं उलट. तुमच्या मशीनमध्ये डीडीआर ३ आहे. डीडीआर ४ तिथे बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं. म्हणजे ही रॅम या बोर्डाबरोबरच संपणार. तेव्हा जुनी घे. आठ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा चार-चारच्या दोन घेऊन दोन्ही स्लॉट भर. वेगळं ग्राफिक कार्ड नसतं तेव्हा प्रोसेसरमधलं ग्राफिक हीच रॅम वापरतं, आणि दोन पट्ट्यांनी त्याला वाट रुंद मिळते. साधे गेम निव्वळ एवढ्यानेही सुधारतात.

प्रोसेसरलाही तोच न्याय. तुमचा आय ३-४१३० दोन कोअरचा आहे. त्याच ११५० सॉकेटमध्ये चार कोअरचा आय ५-४५७० बसतो, आणि मोडीत निघालेल्या ऑफिसच्या मशीनमधून तो स्वस्तात मिळतो. दुकानदार ४५९० पुढे करेल. तो वाईट नाही, पण जुन्या बोर्डाला त्याच्यासाठी कधीकधी आधी बायोस अपडेट करावं लागतं, ती कटकट नको. पिना सॉकेटमध्ये असतात, प्रोसेसरला नाही. त्यातली एक वाकली की बोर्ड गेला, म्हणून तिथे बोट नाही, ब्रश नाही, काही नाही.

आता एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा. इथे लोक पैसे वाचवतात आणि मग सगळंच घालवतात. कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट छापलेलं असतं. तू बारीक तक्ता वाच. १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर दिलेत ते बघ आणि गुण. १४ असतील तर १६८ वॉट, झालं. प्रोसेसर आणि कार्ड दोघांचं पोट त्या लाइनीवर भरायचं असतं. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लसचा शिक्का असलेला नवा घे. तो पुढच्या मशीनमध्येही चालेल. आणि घरच्या प्लगला अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून बघून घे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नाहीच आहे.

ग्राफिक कार्ड ही खरी फसण्याची जागा. मदरबोर्डाचा स्लॉट कार्डाला ७५ वॉट देतो. त्यात भागणारं, वेगळी वायर न मागणारं कार्ड तुला हवं. जीटीएक्स १०५० टीआय, चार जीबीचं, बरोब्बर ७५ वॉटचं आहे. त्याच्या काही मॉडेलना तरी वायर लागते, बघून घे. त्याखाली ६० वॉटचं ७५० टीआय. जीटी १०३० फक्त ३० वॉट खातं, पण त्याचे दोन अवतार आहेत. जीडीडीआर ५ वाल्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, डीडीआर ४ वाल्याचा १७ सुद्धा नाही, आणि खोक्यावर नाव दोन्हींचं एकच. जीटी ७१० गेमसाठी घेऊच नकोस, ते फक्त चित्र दाखवायला. कोणी आरएक्स ६४०० सुचवेल. कार्ड चांगलं, पण ते चारच लेन वापरतं आणि तुमच्या बोर्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीचा आहे. तिथे त्याचा गळा दाबला जातो.

हे कार्ड पुढच्या मशीनमध्ये जाईल का? बसेल, पण १०५० टीआय २०१६ चं आहे आणि नव्या गेमसाठी त्याचे ड्रायव्हर काढणं कंपनीने २०२५ मध्ये थांबवलं. म्हणून जुनंच घ्यायचं, आणि त्याच्यासाठी नव्याचा भाव द्यायचा नाही. बाजारात खोटी कार्डंही फिरतात: आत जुनाट चिप, बायोस बदलून वर १०५० टीआयचं नाव. विंडोज त्या नावाला फसतं. जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर बहुधा फसत नाही, नावापुढे फेक असं लिहून दाखवतं. ते पेनड्राइव्हवर घेऊन जा. दुकानातच कार्ड लावून वीस मिनिटं गेम चालवायला सांग आणि तेवढा वेळ तिथून हलू नकोस. कुरकुर करणाऱ्या दुकानदाराचं कार्ड घ्यायचं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडल्यावर दिवसरात्र तापलेली कार्डंही बाजारात आली. त्यांचे पंखे आधी जातात, तेव्हा पंखा बोटाने फिरवून बघ. खरखर नको.

मॉनिटर बदलू नकोस. तुमचा १३६६ बाय ७६८ चा आहे, म्हणजे फुल एचडीच्या जेमतेम निम्मे पिक्सेल. कार्डाला कामही तेवढंच कमी. फक्त त्याला निळी व्हीजीए केबल आहे आणि १०५० टीआयला व्हीजीए नसतं, म्हणून एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घे. केबल लावायची ती कार्डाला. बोर्डाच्या पोर्टात लावून कार्ड बिघडल्याची तक्रार करत येणारे मी डझनांनी पाहिलेत.

आणि हे तुझ्या व्हॅलोरंटसाठी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एक वर्षाची जादा सुरक्षा मिळते, ती नोंदणी करून घे. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे अधिकृतपणे चालतं, तुमची चौथी. युक्त्या करून घालता येतं, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतं, तेव्हा तो गेम तिथेच अडेल. लिनक्सवर तर चालतच नाही. माइनक्राफ्ट, स्टारड्यू व्हॅली, व्हाइस सिटी यांना ही अडचण नाही. म्हणून मशीनमध्ये काय बसवायचं हे ठरवण्याआधी काय खेळायचं ते ठरव.

एसएसडी आणि एसएमपीएस सोडून बाकीच्या सामानाचा खर्च या पिढीच्या अख्ख्या सेकंडहँड मशीनच्या भावापेक्षा वर जायला लागला, तर हात आखडता घे. मशीन एखाद्या कंपनीचं बंद सेट असतं, तर एसएमपीएसचे कनेक्टर वेगळे आणि कार्ड बुटकं लागलं असतं. तुमचं असेंबल्ड आहे, तेवढा त्रास वाचला.

बाजारात, तपकीर गल्लीत, मी येईन बरोबर. फक्त त्याआधी मदरबोर्डावरच्या मॉडेल नंबरचा, एसएमपीएसच्या तक्त्याचा आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठव. नंबर माहीत नसलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार त्याच्याकडे पडून असलेलं गळ्यात मारतो. आणि भाव विचारायचं काम माझ्यावर सोड, तू फक्त जीपीयू-झेड चालव.