मोठ्या आतड्याचा कर्करोग : आहार, श्रम आणि तपासणी



शौचावाटे रक्त गेले की 'उष्णता झाली असेल, मूळव्याध असेल' असे म्हणून आपण ताक पितो आणि गप्प बसतो. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण कधी कधी ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे लक्षण असते.

हा रोग एका रात्रीत होत नाही. आतड्याच्या अस्तरावर चामखिळीसारखी लहान वाढ होते. अशा सगळ्याच वाढी बिघडत नाहीत. ज्या बिघडतात त्यांनाही बहुधा दहा-एक वर्षे लागतात. तेवढा अवधी आपल्या हाती असतो.

आहार : आयरिश शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी युगांडात अनेक वर्षे काम केले. तिथल्या खेड्यांत हा रोग क्वचित दिसतो, याचा संबंध त्यांनी १९७१ साली चोथायुक्त आहाराशी जोडला. पुढे अनेक पाहण्या एकत्र तपासल्यावर, रोज १० ग्रॅम चोथा जास्त खाणाऱ्यांत धोका सुमारे १० टक्के कमी आढळला. कारखान्यात आपण चोथा वेगळा काढतो, पोटाला मात्र तो लागतो. त्याने मळ साचून राहत नाही. म्हणून ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हुलगा, पालेभाजी ताटात असू द्या. मटण रोज नको. दारू, तंबाखू आणि सुटलेले पोट यांनीही धोका वाढतो.

श्रम : पूर्वी औतामागे चालणे होई. आता ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आली. शस्त्रक्रिया व औषधोपचार झालेल्या ८८९ रोग्यांच्या पाहणीचा निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षे देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी आठ वर्षांनी सुमारे ९० टक्के हयात होते; नुसती माहितीपुस्तिका दिलेल्यांपैकी ८३ टक्के. म्हणजे उपचारानंतर रोग्याला खाटेवर बसवून ठेवू नये, डॉक्टरांना विचारून चालायला लावावे. व्यायाम हा उपचाराच्या जोडीला आहे, बदली नव्हे.

तपासणी : भाकरी खाणाऱ्यालाही हा रोग होऊ शकतो. रक्त जाणे, शौचाची सवय बदलून तीन आठवडे तशीच राहणे, कारण नसता वजन घटणे, अंगातले रक्त कमी होणे, यांपैकी काही दिसले तर दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. घरात कोणाला हा रोग झाला असेल, तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सुरुवातीलाच सापडला तर बहुतेक रोगी बरे होतात.

बायामाणसे हे दुखणे लाजेपोटी सांगत नाहीत. घरातल्यांनी आपणहून विचारावे.